वीतभर उंचीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बाक म्हटले की तुम्हाला शाळेतला बाक आठवेल, पण तो माझा दूरचा भाऊ. त्याच्यावर मुले बसतात आणि घंटा झाली की उठतात. माझ्यावर माणसे बसतात आणि मग त्यांना उठताच येत नाही. असे का होते, ते सांगायला आज मी तोंड उघडले आहे. बाकाला तोंड नसते, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पायांनी काय काय भोगले ते ऐकलेत, तर तोंडाचे तुम्ही विसरून जाल.

आमचे गाव अगदी लहान. एकोणीस घरे, एक विहीर, एक शाळा आणि चहूकडे गव्हाची शेते. गावातून जाणारी वाट पुढे डोंगरापलीकडच्या देवस्थानाला पोचते, म्हणून पाठीवर पिशव्या घेतलेले यात्रेकरू तिच्यावरून चालत असतात. ते येतात, विहिरीचे पाणी पितात, "काय शांत गाव आहे!" म्हणतात आणि मुक्कामाला पुढच्या मोठ्या गावी निघून जातात. शांतता सगळ्यांनाच आवडते, पण तिच्याकडे मुक्काम करण्याइतकी कोणाला आवडत नाही. इथली कुत्रीसुद्धा भुंकायची झाली तर बसूनच भुंकतात.

वाटेवरचे पहिले घर अक्काचे. अक्का पासष्टीची, एकटी आणि अतिशय बोलकी. पुढच्या खोलीत तिने यात्रेकरूंसाठी चार खाटा मांडल्या होत्या आणि दमलेले पाय गरम पाण्यात सोडायला एक मोठे घमेले ठेवले होते. खाटांवर मांजर झोपे आणि घमेल्यात कोंबडी. शहरातली लेक सारखी म्हणे, "आई, घराला कुलूप लाव आणि इकडे ये." अक्का म्हणे, "यंदाची सुगी होईपर्यंत बघते. चार माणसं थांबायला लागली तर राहीन, नाहीतर येईन." तिला खायला-प्यायला काही कमी नव्हते. बोलायला माणूस नव्हते. मांजराशी बोलून बोलून तिचे सगळे विषय संपले होते.

"दारात बसायला काही असलं तर निदान टेकतील तरी," असा विचार करून तिने धाकट्या भावाला एक बाक करायला सांगितले. भाऊ गावचा सुतार. त्याला सगळे काटकोनकाका म्हणत, कारण कोणी त्याच्या कामाला नाव ठेवले की तो म्हणे, "काटकोनात आहे. तुमची नजर तिरकी आहे." चाळीस वर्षांत त्याने एकही चूक कबूल केली नव्हती. गावातली निम्मी दारे आपोआप उघडत, तरीही नाही.

गोठ्याच्या जुन्या दारापासून त्याने आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात मला घडवले. रंधा मारताना तो गुणगुणत होता आणि खरे सांगतो, तेवढा लाड माझा पुन्हा कोणी केला नाही. गुडघ्याइतके उंच माझे पाय, चांगली लांब पाठ. शेवटी त्याने माझ्यावर पाणसळ ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की वस्तू सपाट, असा हिशेब असतो. बुडबुडा अगदी मधोमध होता. काका म्हणाले, "याला म्हणतात बाक!"

मला उचलून अक्काच्या दारात ठेवले. उद्घाटनाला चौघे शेजारी ओळीने बसले आणि हळूहळू घसरत सगळे डाव्या टोकाला गोळा झाले. त्या टोकाला शाळामास्तर होते. ते गवतात गेले.

"पाय लांब झालेत दोन," काका म्हणाले आणि मला परत कारखान्यात घेऊन गेले. आत नेताना माझे तोंड उलट्या दिशेला फिरले होते. त्यांनी पाणसळ ठेवली, दोन पाय कापले, बुडबुडा मधोमध आणला. बाहेर आणले, तर या खेपेस सगळे उजवीकडे घसरले. मास्तरांनी शहाणपणाने जागा बदलली होती, म्हणून ते पुन्हा गवतात गेले.

मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण तुम्ही ऐकली असेल. आमच्याकडे गाडे उलटे होते. अंगण खरोखरच वाकडे होते आणि आळ मात्र नाचणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर. काकांच्या कारखान्याची जमीन एका बाजूला उतरती होती. सगळ्या गावाला ते दिसत होते. अक्काने तर ओच्यातून लिंबू काढून जमिनीवर ठेवून दाखवले. ते घरंगळत सरळ दाराबाहेर गेले.

"बघितलंस?"

"लिंबू गोल आहे, अक्का. गोल वस्तू घरंगळणारच."

"अरे, माझ्या घरात नाही घरंगळत!"

"मग तुझ्या घराची जमीन बघायला पाहिजे."

अकरा वेळा मी आत गेलो आणि अकरा वेळा बाहेर आलो. दर वेळी दोन पाय आखूड. करवतीचा आवाज आला की आजही माझे खिळे थरथरतात. शेवटी मी जमिनीपासून जेमतेम वीतभर उरलो. तेव्हा अक्काने भावाच्या हातातली करवत काढून घेतली, खुरप्याने माझ्या दोन पायांखालची माती उकरली आणि दोन मिनिटांत मी सरळ झालो. काका म्हणाले, "मला हाच बाक करायचा होता." मुले मला पाट म्हणून चिडवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण त्याच दुपारी पहिले गिऱ्हाईक आले. एक जाडजूड यात्रेकरू सकाळपासून चालून आला होता. त्याने मला पाहिले, "हुश्श" केले आणि अंग सोडून दिले. बसायला त्याला बराच वेळ लागला, कारण मी त्याला वाटले त्याहून खूप खाली होतो. दोन घोट पाणी पिऊन तो उठायला गेला, तर गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्याने पुढे झोका घेतला, बाजूला झोका घेतला, देवाचे नाव घेतले. काही उपयोग झाला नाही.

अक्का दारातून बघत होती. "बसा हो, घाई काय आहे?" ती म्हणाली आणि तिने चहा टाकला. चहा होईपर्यंत त्याची बायको, मेहुणा आणि मेहुण्याचा मित्र येऊन माझ्यावर बसले होते. आता तर उठवायला अक्काखेरीज कोणी उभे माणूसच उरले नव्हते. काकांना बोलावून चौघांना एकेक करून उपसून काढले, तोवर ऊन उतरले होते. चौघे अक्काकडेच राहिले. कोंबडीला घमेले रिकामे करावे लागले.

मग हे रोजचेच झाले. अक्काच्या चारही खाटा भरू लागल्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा सासरा विसराळू, हे तिला पाठ झाले. सकाळी निघताना माणसे तिचा हात सोडत नसत. लेकीचा फोन आला की ती म्हणे, "नंतर बोलते, माणसं आहेत." मित्रांनो, तेव्हा मला आपल्या आखूड पायांचा अभिमान वाटू लागला.

माझ्या सुखाला दृष्ट लागली ती एका पत्राची. एका यात्रेकरूने मास्तरांना लिहिले, "तुमचे गाव छान आहे, पण बाकावरून उठायला चार माणसे लागली." मास्तर सज्जन माणूस. गावाची शोभा झाली असे त्यांना वाटले. त्यांनी फूटपट्टी आणली, माणसाचा गुडघा मोजला आणि माझ्या पायांखाली चार घडीव दगड बसवले. मी पुन्हा गुडघ्याइतका उंच झालो. कोणी घसरेना, कोणी अडकेना. सगळे म्हणाले, "छान झालं हं!" अक्कासुद्धा म्हणाली.

आणि माणसे बसत, पाणी पीत, उठत आणि निघून जात. तीन आठवडे एकाही खाटेवर माणूस झोपले नाही. मांजर परत आले, कोंबडी परत आली. अक्काला वाटले, तिच्याच बोलण्याला लोक कंटाळले असतील. कारण दगडांत आहे हे मला कळत होते, पण मला विचारतो कोण? काकांनाही कळत होते. तीन वेळा पहार घेऊन ते माझ्यापाशी आले आणि तीन वेळा परत गेले. दगड काढायचे तर का काढायचे ते सांगावे लागले असते, म्हणजे बाक चुकून बुटका झाला आणि चुकूनच चांगला झाला, हे तोंडाने म्हणावे लागले असते. ते तोंड काटकोनात घट्ट मिटलेले होते.

सुगी झाली. अक्काने लेकीला शब्द दिला होता. एका सकाळी तिने कोंबडी शेजारी दिली, दाराला कुलूप लावले आणि पिशवी घेऊन बसची वाट बघत उभी राहिली. तेवढ्यात काका पहार घेऊन धावत आले. त्यांनी माझ्याखालचे चारही दगड उपसले. मी धपकन माझ्या जुन्या खळग्यांत बसलो आणि काका माझ्यावर.

"हे काय रे?" अक्का म्हणाली. "ऊठ. बस येईल आता."

"उठता येत नाही."

"नाटकं करू नकोस. हात दे."

तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात किल्ली. एका हाताने ओढून काका हलेनात. तिने पिशवी खाली ठेवली, किल्ली पिशवीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी ओढले. काका तरीही हलेनात. त्यांनी तिचे हात मात्र सोडले नाहीत.

"अक्का," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कारखान्याची जमीन तिरकी आहे."

"काय म्हणालास?"

"चाळीस वर्षं तिरकी आहे. लिंबाची काही चूक नव्हती. तू जाऊ नकोस."

अक्काला असे हसू फुटले की उभे राहवेना. डोळे पुसत ती भावाच्या शेजारी मटकन बसली. तेवढ्यात बस आली. चालकाने हॉर्न वाजवला. दोघांनी उठायचा प्रयत्न केला की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण माझ्यावर बसलेल्याच्या पायांत जोर आला तर मला लगेच कळते, आणि त्या सकाळी मला काहीच कळले नाही. बस निघून गेली.

थोड्या वेळाने वाटेवरून पाच यात्रेकरू आले. दोन म्हातारी माणसे बाकावर अडकलेली पाहून त्यांनी पिशव्या टाकल्या आणि ओढून दोघांना उभे केले. अक्काने पदर झटकला, किल्ली उचलली आणि म्हणाली, "दमला असाल. बसा हो, घाई काय आहे?"

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती. मला वर्षातून एकदा तेल लावा, सैल खिळे ठोका, खळग्यांत साचलेली माती काढा. कोणाचे म्हातारे हात पुढे आले, तर त्यांना दोन्ही हातांनी ओढा. पण कृपा करून मला उंच करू नका. आणि खरेच घाईत असाल, तर माझ्यावर बसू नका.