टेबलाचे पाय

खालापूरच्या बाजारात रमजानभाईंचं शिलाईचं दुकान आहे. कापड कापायचं काम त्यांचं, मशीनवर त्यांची बायको खतीजा. एका सकाळी तहसील कचेरीतले जगदीश पँटचं माप द्यायला आले. रमजानभाई लांबी घ्यायला खाली वाकले आणि तसेच राहिले.

"झालं का माप?" जगदीशनी विचारलं.

"माप झालं," खालून आवाज आला, "पन मला उठता येत नाय."

खतीजा मशीन सोडून धावली. दोघांनी धरून त्यांना बाकड्यावर आडवं केलं. पाठीतून निघालेली कळ पार पोटरीपर्यंत जात होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन नको, पण वाकून काम करायची सवय सोडावी लागेल. मशिदीतही सजद्याला कपाळ जमिनीवर टेकवता येईना, म्हणून ते खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. शुक्रवारी त्यांचा चेहरा उतरलेला असे.

जगदीशची पुतणी मेघा मोहोपाड्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिने व्यायाम शिकवले आणि एका रविवारी ती स्वतः दुकानात आली. "चाचा, तुम्ही कापा. मी नुसती बघते," म्हणाली. थोडा वेळ बघून तिने विचारलं, "हे टेबल कुणाच्या मापाचं?"

"माज्या अब्बांच्या. बुटके होते ते."

"आणि तुम्ही एवढे उंच! टेबल कोपराच्या थोडंच खाली पाहिजे. आणि सारखं एका जागी वाकून राहायचं नाही. मधेमधे भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, जरा चालायचं."

व्यायामाला त्यांची ना नव्हती. टेबलाला मात्र हात लावू देईनात. "अब्बांचं हाय ते," एवढंच म्हणाले.

खतीजाने वाद घातला नाही. पुढच्या शुक्रवारी ते नमाजला गेल्यावर तिने नागू सुताराला बोलावलं आणि टेबलाच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. रमजानभाई परत येऊन दारातच थबकले.

"हे काय केलंस गं?"

"टेबल तेच हाय. पाय तेवढे लांब केले," खतीजा सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुमचे अब्बा नाय दर ईदला तुमच्या पँटी लांब करायचे?"

त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला आणि कात्री उचलली. त्यानंतरचे काही दिवस वाईटच गेले. नव्या उंचीवर हात बसेना, खडूची रेघ वाकडी जाई. एका बाईंचा ब्लाउजपीस कापताना बाहीच चुकीची कापली गेली. तसलंच कापड शोधत खतीजाला कर्जतपर्यंत जावं लागलं. ती ठोकळे काढायला निघाली, तर तेच म्हणाले, "राहू दे. पाठ कमी दुखते."

टेबल बदललं तरी जुनी सवय सुटत नव्हती. कामाच्या नादात मान पुन्हा खाली जाई. गिऱ्हाइकांसमोर त्यांना टोकणं खतीजाला बरं वाटेना. मग ती नुसती मशीन थांबवायची. आवाज बंद झाला की रमजानभाई सरळ होत आणि भिंतीशी जाऊन उभे राहत. एकदा तिचा दोरा तुटला, तर तेवढ्यानेही ते घाईघाईने ताठ झाले. खतीजा इतकी हसली की बाहेरचा पानवाला डोकावून गेला.

सकाळी चालायला जायची त्यांना लाज वाटे. कामाशिवाय रस्त्याने फिरणं म्हणजे काय! म्हणून ते रिकामी पिशवी घेऊन निघत. कुणी विचारलं तर म्हणत, "दूध आणायला." दूध तर घरपोच येई. एक दिवस दूधवाल्या पोशानेच विचारलं, आणि तोंडातून तेच उत्तर गेलं. "चाचा, माजं दूध बंद केलं का?" त्या दिवसापासून पिशवी घरीच राहिली.

थंडी सुरू झाली. एका शुक्रवारी दुपारी रमजानभाई मशिदीतून आले आणि खतीजाच्या मशीनपाशी उभे राहिले.

"काय झालं? दुखतंय?"

"नाय. आज खुर्ची नाय घेतली. सजदा केला."

खतीजाने पटकन मान खाली घातली आणि एक शिवण घाईने पुढे ओढली. ती शिवण नंतर उसवावी लागली. रमजानभाई तिच्याकडे बघत राहिले. तिची मान किती पुढे गेली होती, खांदे कसे आवळलेले होते! इतकी वर्षं ती बिनपाठीच्या स्टुलावर बसत होती, आणि हे त्यांना आज दिसत होतं.

"ऊठ जरा."

"का? ही सलवार द्यायचीय संध्याकाळी."

"ऊठ गं."

गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली पाठीची खुर्ची त्यांनी मशीनपाशी आणली. शाल घडी करून पाठीशी लावली, मग तिचे दोन्ही खांदे धरून तिला हळूच मागे टेकवलं.

"आता कसं वाटतंय?"

खतीजाने डोळे मिटले. "जरा वेळ बोलू नका," ती म्हणाली. "अशीच बसू दे मला."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं. रमजानभाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि त्याला बाहेरच थांबवलं.