नळखोलीच्या दारावरची पाटी

"आमच्या माहेरी सात पिढ्यांत कोणाला कॅन्सर नाही," हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या मुख्य बाईंनी उशीची खोळ झटकत सांगितलं. गेल्या चार महिन्यांत हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की त्यांच्या छातीतल्या गाठीलाही ते एव्हाना पाठ झालं असावं.

समोर नणंद कपाळाला हात लावून बसली होती. ती पेशींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. त्यामुळे घरात तिचं कोणी ऐकत नाही, हे ओघानं आलंच.

"वहिनी, बहुतेक कॅन्सर वारशानं येतच नाहीत! कधीकधी तर जनुक अगदी शाबूत असतो, एक अक्षर बदललेलं नसतं. पण कोणता जनुक उघडा ठेवायचा, कोणता बंद, याच्या खुणा लावणारी, काढणारी, वाचणारी प्रथिनं असतात पेशीत. त्यांचा घोळ झाला, की वाढीला लगाम घालणारा जनुकच बंद पडतो."

"तुझी प्रथिनं तुझ्यापाशी. मला अठ्ठेचाळीस खोल्या आहेत."

"तपासणीला अर्धा तास लागतो!"

"अर्ध्या तासात चार पलंग होतात."

नणंद पर्स उचलून निघून गेली.

बाईंचा हॉटेलात एकच नियम होता. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी असली, की दाराला हात लावायचा नाही. मग आत कोणी का असेना. या नियमापायी एकदा खुद्द मालक वीस मिनिटं बाहेर उभे होते.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर पाइप फुटला. बाई धावत पोचल्या, तर हाताखालच्या चौघीजणी घोटाभर पाण्यात बादल्या घेऊन उभ्या. पाण्याचा मुख्य कॉक पाच पावलांवर, नळखोलीत. दाराला कुलूपसुद्धा नाही.

"अगं, कॉक का नाही बंद केलात?"

"पाटी आहे ना, बाई."

दाराच्या मुठीला खरंच पाटी लटकत होती. सकाळी धुऊन कोणीतरी तिथे वाळत घातलेली.

"आत कोण झोपलंय? कॉक?"

"तुम्हीच म्हणता ना, आत कोणी का असेना."

बाईंनी पाटी ओढून काढली, आत शिरून कॉक फिरवला. तो अलगद फिरला. पाणी थांबलं. कॉकमध्ये काही बिघाड नव्हताच! सगळा मजला भिजेपर्यंत तो धडधाकट, जागच्या जागी बसून होता.

बाईंनी ओल्या गालिच्यावर उभ्या उभ्याच नणंदेला फोन लावला.

"ऐक. ती तुझी खुणा लावणारी प्रथिनं चुकली, तर चांगल्या कॉकवरही पाटी लागते?"

पलीकडून आधी नुसता सुस्कारा आला. "वहिनी, चार महिने मी दुसरं काय सांगतेय?"

"सांगायची एक पद्धत असते. उद्याची वेळ घे."

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण अजून पसरली नव्हती. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "चार महिने उशिरा," नणंद म्हणाली. बाईंनी आयुष्यात प्रथमच नणंदेचं म्हणणं मान्य केलं.

वाचकहो, घराण्याचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगावा, त्यांना तो उपयोगी पडतो. पण तो दवाखान्यात जाऊन सांगावा. गाठीला घरी बसून ऐकवू नये. तिला आपल्या सात पिढ्यांशी काहीही देणंघेणं नसतं.