क्लेमची मोटरसायकल

क्लेमला पुरून आठ दिवस झाले होते. क्वीन्सलँडच्या त्या उन्हात गुरांच्या टाकीत पाणी आहे का, ते बघायला ग्लेनिसला जायचं होतं आणि नवऱ्याची मोटरसायकल काही केल्या सुरू होईना. कुत्रा मात्र सवयीने मागे चढून बसला होता.

शेजारचा डार्सी मदतीला आला. पेट्रोल येत होतं, प्लगला ठिणगी होती. किका मारून तो घामाघूम झाला.

"मालकासारखीच हट्टी आहे मेली!" ग्लेनिस करवादली.

"थांब गं. सायलेन्सर! कुंभारीण माशीने आत घर करू नये म्हणून आपण सगळेच बोळा कोंबतो, आणि तेच विसरलो."

त्याने नळीतून बोळा ओढला. तो लाल काठाचा लोकरी मोजा होता.

ग्लेनिसने तो त्याच्या हातातून घेतला. क्लेमला शेवटचे कपडे चढवताना जोडीतला एकच मोजा हाती लागला होता, हा सापडला नव्हता. "एक मोजा धड ठेवता येत नाही तुला!" असं ती त्या मेलेल्या माणसावर ओरडली होती, आणि दोन पायांत दोन तऱ्हांचे मोजे घालून त्याला पुरलं होतं.

पहिल्याच किकला इंजिन धडधडलं.

"बस आता," डार्सी म्हणाला.

ग्लेनिसने आधी बूट काढला, तो मोजा झटकून पायात चढवला आणि मगच ती गाडीवर बसली.