आरशाचं कोडं कुणाचं

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात, ते त्या औषधवालीला स्वतःच्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. एका हातात गिऱ्हाइकाची रक्तदाबाची गोळी होती, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर कुणीतरी लिहिलं होतं, 'मुंगीने माझं कोडं चोरलं. मुंगीला हाकला.' खाली टाळ्या पिटणाऱ्यांची ही गर्दी. आणि मुंगी म्हणजे दुसरं कुणी नाही, तीच.

ही मुंगीची भानगड आधी सांगायला हवी. 'अदलाबदल' नावाचा एक खेळ आहे, मोबाईलवर खेळतात. गणिताचं नाहीतर पदार्थविज्ञानाचं एक कोडं द्यायचं, समोरच्याकडून एक घ्यायचं. कोडं स्वतः रचलेलंच हवं. आणि प्रत्येक कोड्यात एक माहिती मुद्दाम निरुपयोगी घालायची, जिचा उत्तराशी काडीचा संबंध नाही. तिला तिथे 'पाहुणा' म्हणतात. सोडवणाऱ्याने उत्तर द्यायचं आणि पाहुणाही ओळखायचा. चोरीचं कोडं देणाऱ्याला मात्र माफी नाही. तो कायमचा बाहेर.

या खेळात मुंगीला मान होता. तिचं नवं कोडं आलं की लोक हातातलं काम टाकून धावायचे. घरी आणि दुकानात तिला दिवसभर लोक काय विचारायचे? डबा झाला का, खोकल्याचं औषध गोड आहे का, माझा दुसरा मोजा कुठाय. तिला डोकं आहे हे कबूल करणारी जगात ही एकच जागा होती. आणि ती आता जाणार होती.

ज्या कोड्यावरून बोंब उठली ते तर तिच्या न्हाणीघरातून आलेलं. नवरा ताडमाड उंच, ही बुटकी. त्याने आरसा आपल्या मापाने टांगला, त्यामुळे हिला त्यात फक्त स्वतःचा भांग दिसायचा. रोज सकाळी टाचा उंचावून टिकली लावता लावता एक दिवस ती वैतागली, पट्टी घेतली आणि भिंतीशी हिशोब मांडला. उंच नवरा, बुटकी बायको, दोघांना आपापलं रूप डोक्यापासून पायापर्यंत दिसावं, तर लहानात लहान आरसा केवढा लागेल आणि तो कुठे टांगायचा? वरची कड नवरा ठरवतो, खालची बायको. आरशापासून कोण किती लांब उभं आहे, हा पाहुणा. आरशाला त्याने काही फरक पडत नाही. हे कोडं तिने टाचा दुखवून कमावलं होतं.

आणि ते देण्याआधी तिने एकालाच ऐकवलं होतं. दादाला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. शहरभर त्याच्या क्लासच्या पाट्या. 'सोप्पंय! डोकं लावा!' असं लिहिलेलं, शेजारी दादाचा हसरा फोटो. लहानपणी त्यानेच तिला बोटांवर पाढे शिकवले होते, हे खरं. पुढे त्याने डोकं लावणं सोडलं आणि पोरांना सूत्रं पाठ करायच्या युक्त्या विकायला घेतल्या, हेही तितकंच खरं. तरी घरात तिचं बोलणं समजेल असा तोच एक, म्हणून कोडं रचलं की ती आधी दादाला फोन करायची. 'अदलाबदल'ची वाटही तिनेच त्याला दाखवली होती. आपण तिथे मुंगी आहोत, तेवढं मात्र सांगितलं नव्हतं. एकदा सांगायला गेली तेव्हा आई आणि दादा दोघे खो खो हसले होते, "औषधाच्या पुड्या बांधायच्या सोडून कोडी कसली घालतेस!" तेव्हापासून तिने तोंड मिटलं.

आता 'प्रकाशवर्ष' नावाच्या कुणीतरी नवख्यांच्या विभागात आरशाचं कोडं तिच्या दोन दिवस आधी दिलं होतं. शब्द न् शब्द तिचा. शेवटी एवढीच भर, 'सोप्पंय! डोकं लावा!'

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गोळी गिऱ्हाइकाच्या हातात अशी आपटली की तो बिचारा म्हणाला, "काय झालं ताई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

लगेच फोन करून दादाला फाडून खावं असं तिला वाटलं. पण फोन त्याचाच आला. आवाज कसा, लग्नाला निघाल्यासारखा.

"चिमणे, एक गंमत ऐक. तू त्या खेळाचं सांगितलं होतंस ना, तिथे मी गेलो. माझे विद्यार्थीही आलेत बघायला. तर तिथला एक मुंगी म्हणून कुणी आहे, त्याने माझं आरशाचं कोडं चोरलं!"

"तुझं?" ती म्हणाली.

"अगं, म्हणजे ते आपलं. घरातलंच की. ते सोड. आता पंचांचं म्हणणं, रविवारी दोघांनी समोरासमोर नवं कोडं द्यायचं. ज्याला आपल्या कोड्याचं पोट उघडून दाखवता येणार नाही तो चोर. त्या मुंगीला असं धुतो बघ! तर मला एक दे ना. जरा जबरी दे. शेवटचं."

लाज नावाची गोष्ट या माणसाने कुठे गहाण टाकली होती? ज्याचं चोरलं त्यालाच चोर म्हणायचं, वर त्याच्याच दारात कुऱ्हाड मागायला यायचं! आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, तर हे करताना त्याला काहीच वाटत नव्हतं. पुस्तकातलं पान वाचावं तसा तो तिला वापरत होता. पानाला कोण विचारतं?

"घे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "वजनकाट्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली. काटा दहा किलो दाखवतोय. पाच किलोचा दगड दोरीला बांधून वरून पाण्यात पूर्ण बुडवला. दोरी हातातच, दगड तळाला टेकला नाही. आता काटा किती दाखवेल?"

"किती?"

"तूच सांग की."

"अगं वेळ कुठाय! पंधरा?"

"दहाच. दगडाने जेवढं पाणी बाहेर सांडलं, तेवढाच भार बुडालेल्या दगडामुळे पाण्यावर येतो. दगड पाच किलोचा, हा पाहुणा. त्याचं बाकीचं वजन दोरी पेलते. पण दादा, एक गोष्ट सांगायलाच हवी, ते सांडलेलं पाणी..."

"कळलं, कळलं! पुढचं मी बघतो. झकास आहे. ठेवतो!"

ठेवलाही. दादाची ही जन्माची खोड. कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. सांडलेलं पाणी काट्याबाहेर जमिनीवर गेलं पाहिजे, हे त्याने ऐकलंच नाही. ते काट्याच्याच ताटलीत साचलं तर उत्तर दहा राहत नाही, सांडलेल्या पाण्याइतकं वाढतं. परत फोन करावा का? तिने मोबाईल हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिला. सांगायला गेले होते, ऐकलं नाही. आता आपल्या कर्माने मर.

संध्याकाळी आईचा फोन आला. "दादा म्हणत होता, आज तुझा आवाज बरा नव्हता. भांडलात का गं? थोरला आहे तो. त्याच्याशी नीट बोलावं."

"आई, त्याने माझ्याशी काय करावं, ते कधी सांगणार आहेस त्याला?" ती ओरडली. नवरा मोजा हातात घेऊन दारात उभा राहिला. आईने गडबडीने फोन ठेवला.

रविवारी दुपारी खेळाच्या बोलायच्या खोलीत ही गर्दी जमली. खोली म्हणजे मोबाईलवरचीच, तिथे एकमेकांचे आवाज ऐकू येतात. पंच होते पूल बांधून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, खेळात त्यांना सगळे आजोबा म्हणत. मुंगीने माईक बंद ठेवला होता. तिने लिहायचं आणि आजोबांनी वाचून दाखवायचं असं ठरलं. आवाज ऐकून दादाने ओळखू नये, एवढंच तिला हवं होतं. त्याला हरवायचं होतं, तेही त्याच्याच तोंडाने.

तिचं कोडं आधी झालं. हलत्या झोक्यात बसलेला माणूस मध्येच उभा राहिला तर झोका लवकर परत येतो की उशिरा, असं काहीसं. लोकांनी उलटसुलट प्रश्न विचारले, तिने एकेकाला दोन ओळींत गप्प केलं. मग दादाची पाळी आली. बादली, दगड, दोरी. भाषण ठोकावं तसं त्याने ते सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "उत्तर दहा! सोप्पंय! डोकं लावा!" त्याच्या विद्यार्थ्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

तिने लिहिलं. आजोबांनी वाचलं, "मुंगी विचारतेय, सांडलेलं पाणी कुठे गेलं?"

"कुठे म्हणजे? सांडलं. त्याने काय फरक पडतो?"

"मुंगी विचारतेय, ते काट्याच्या ताटलीतच साचलं तर?"

"तरी दहाच," दादा म्हणाला.

खोलीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं. आजोबांचा आवाज शांत होता. "प्रकाशवर्ष, पाणी ताटलीत राहिलं तर काट्यावरून काहीच कमी झालं नाही. मग दगडाचा भार कुठे गेला? कोडं तुमचं आहे ना? घ्या पाच मिनिटं. स्वतः रचलंय, तर उलगडून सांगता येईल."

"हो हो. एक मिनिट," दादा म्हणाला आणि त्याने आपला माईक बंद केला.

तिच्या शेजारी पलंगावर पडलेला मोबाईल थरथरला. खेळ नवऱ्याच्या मोबाईलवर चालू होता, हा तिचा स्वतःचा. पडद्यावर नाव होतं, दादा.

बोटांवर पाढे शिकवणारा दादा तिला आठवला. नाही म्हटलं तरी आठवला. न उचलावं, एवढ्यावरच सोडावं, हरेलच आपोआप. पण हरला तरी उद्या तो म्हणणार, पाण्याचं विसरलो, चालायचंच. आणि आरशाचं कोडं कायम त्याचंच राहणार. तिने खेळातला माईक आज पहिल्यांदा चालू केला. दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"चिमणे, लवकर! त्या बादलीचं पाणी ताटलीत राहिलं तर काय होतं? ते थेरडं पाठीच लागलंय. मी खेळाच्या मोबाईलचा हेडफोन काढून ठेवलाय, पटकन सांग."

"सांगते," ती म्हणाली. "पण बादलीचं कोडं कुणाचं दादा?"

"अगं कुणाचं म्हणजे? तुझंच. चल, उत्तर."

"आणि आरशाचं?"

"तेही तुझंच की! सगळी तुझीच आहेत, कुणी नाही म्हटलंय का? आता ही वेळ आहे का हे विचारायची? सांग ना गं!"

किती वर्षं हे वाक्य ऐकायचं होतं तिला. ते आलं ते असं, घाईत, वैतागून, लाच दिल्यासारखं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. नवऱ्याच्या मोबाईलवर खोलीतला एकूण एक माणूस हे ऐकत होता.

"दादा," ती म्हणाली, "हेडफोन घाल कानात. सगळे तुझी वाट बघतायत."