मांजरपाटाचा नमुना

त्या बाईनं टेबलावर आधी कागद ठेवला, कापड नंतर. तिथंच आमच्या मास्टरांचं डोकं फिरलं.

आमचं वर्कशॉप म्हणजे एक लांबडी खोली. भिंतीला लागून मशिनं, मधोमध मास्टरांचं कापड कापायचं टेबल, दाराजवळ माझी इस्त्री. मी इस्त्री करतो म्हणून मला सगळे ‘इस्त्री’ अशीच हाक मारतात. मालकिणीला आम्ही वहिनी म्हणतो, कारण वर्कशॉप दादांनी काढलं आणि दादा गेल्यावर वहिनींनी ते बुडू दिलं नाही. डिझायनर लोक चित्र काढून आणतात, आम्ही त्याचा कपडा करतो. नाव त्यांचं लागतं, आमचा घाम पहिल्या धुण्यात निघून जातो. असो.

बाईचा चष्मा जाड होता. मशिनं थांबायच्या आत तिचं नाव चष्मेवाली पडलं.

“हा गुप्ततेचा करार आहे,” ती म्हणाली. “मी जे शिवायला देईन ते या खोलीबाहेर जाता कामा नये. चित्रं, कागदी खाके, शिवलेले नमुने, कतरण, सगळं मला परत. फोटो नाही. कुणाशी बोलणं नाही. मोडलं तर दंड.”

दंडाचा आकडा वाचताना वहिनींनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. लांब धरून तो काही कमी झाला नाही.

“बाई,” मास्टर म्हणाले, “या टेबलावर माझे केस पिकले. एकाचं काम दुसऱ्याला दाखवलं नाही कधी. माझा शब्द पुरत नाही का?”

“मागच्या वेळी शब्दावरच विसंबले होते.”

“कुणी चोरलं?”

“सांगता येत नाही.”

“का, नात्यातले आहेत?”

“मी त्यांच्याच कंपनीत नोकरीला होते. लागताना त्यांनी सही घेतली होती, कंपनीतलं काहीही बाहेर बोलायचं नाही. त्यांनी माझं चोरलं, हे कंपनीतलंच झालं. तेही बोलायचं नाही.”

काजवाली मावशी काज करता करता थांबली. आमच्याकडं काजं-बटणं तीच करते आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा बारीक टोचते. “वा गं वा! चोरानं डबा तर नेलाच, वर जाताना घरवालीच्या तोंडाला टाका घालून गेला!”

सगळे हसले. चष्मेवाली हसली नाही. मग आमचंही हसू आटलं.

मी असले कागद पुष्कळ पाहिलेत. म्हणे करार दोघांत होतो. कसला दोघांत? ज्याला वकील परवडतो तो लिहितो, ज्याला काम पाहिजे तो सही करतो. मोठ्यानं धाकट्याकडून सही घ्यायची, धाकट्यानं त्याहून धाकट्याकडून. हिचा कागदसुद्धा तिच्या जुन्या कंपनीच्या कागदावरूनच बेतलेला होता, हे नंतर कळलं. मार खाल्लेल्या माणसाच्या हाताला दुसरी छडी कुठून सापडणार?

वहिनींनी सही केली. “काम आहे, तोवर मान-अपमान बाजूला ठेवा,” त्या मास्टरांना म्हणाल्या. “आणि पोरगी खोटं बोलत नाहीये.”

मग तिनं पिशवीतून चित्र काढलं आणि मास्टर मिशीतल्या मिशीत पुटपुटायचे थांबले.

सदरा होता. ज्याच्या एका अंगावरून वारं गेलंय, त्याच्यासाठी. अशा माणसाला कपडा घालणं म्हणजे काय, हे ज्यानं घातलाय त्यालाच ठाऊक. लाकडासारखा ताठ हात बाहीत कोंबायचा, माणूस कळवळतो, आपण चिडतो, मग आपलीच आपल्याला लाज वाटते. हिच्या सदऱ्यात हात बाहीत घालायचाच नव्हता. मानेपासून खांद्यावरून पार मनगटापर्यंत तो उघडा होत होता. मांडीवर पसरायचा, ताठ हात त्यावर ठेवायचा, आणि दुसऱ्या हातानं बाही त्याच्यावर मिटायची. दाबली की चिकटणारी, ओढली की चर्र करून सुटणारी पट्टी वरच्या शिवणीखाली लपलेली. लांबून बघाल तर साधा, नीटस सदरा. आजाऱ्याचा झगा वाटायचा नाही.

“हाच का चोरला?” मास्टरांनी विचारलं.

“हाच. त्यांनी तो धडधाकट बायकांसाठी काढला. फॅशन म्हणून. पट्टी ठेवली, पण शिवून टाकली. शोभेची.” ती चष्मा पुसायला लागली. “उघडतच नाही तो.”

तिच्या डोक्यात काय होतं ते तिनं तेव्हाच सांगितलं. आजाऱ्यांसाठी माल ठेवणारं एक मोठं दुकान होतं, शहराशहरांत शाखा असलेलं. त्यांच्यासमोर नमुने ठेवायचे. तोवर बाहेर कुणाच्या नजरेला पडला नाही तर सदरा तिचा. पडला, तर दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा करायची ताकद तिच्यात नव्हती, हे तिच्याकडं बघून कळत होतं.

आम्ही कागद पाळला, देवाशप्पथ पाळला. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. कतरण एका पोत्यात, पोत्याला गाठ. चहावाला आला की मास्टर टेबलावर चादर ओढायचे.

“प्रेत आहे का हो खाली?” चहावाल्यानं एकदा विचारलं.

“आहे. उधारीवर चहा मागणाऱ्याचं,” मावशी म्हणाली.

नमुने झाले. चष्मेवाली आली, खाके मोजून घेतले, पोतं उचललं, सदरे कागदात गुंडाळले. जाताना पहिल्यांदा थोडी हसली. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग एका दुपारी ती दारात उभी राहिली.

“कुणी दिला बाहेर?”

वहिनी उठल्या. “काय झालं ताई? आधी बसा.”

“हॉस्पिटलच्या व्यायामाच्या खोलीत एक म्हातारी बसलीय. अंगात माझा सदरा. माझा! शेजारची बाई तिला विचारतेय, कोणत्या शिंप्यानं शिवला. दुसरी फोटो काढतेय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!”

मास्टरांनी छातीवर हात ठेवला. “खाके तुमच्याकडं. सदरे तुमच्याकडं. चिंधी न चिंधी तुमच्या पोत्यात. आमच्याकडं काही उरलंच नाही.”

“मग तो आकाशातून पडला का?”

“रंग कोणता होता?” वहिनींनी विचारलं.

“रंग नव्हताच. पिवळट पांढरा. जाडंभरडं कापड.”

मशिनं थांबली. मास्टरांनी हळूच कपाळाला हात लावला.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मास्टर तोच कपडा स्वस्तातल्या मांजरपाटात शिवून बघतात. कुठं ओढतंय, कुठं फुगतंय ते त्यात कळतं. त्यावर खडू, पेन, टाचण्या, सगळे अत्याचार होतात. काम झालं की त्याची किंमत शून्य. आमच्याकडं त्याची मशिनवर झाकणं होतात, तेल पुसायची फडकी होतात, ज्याला पाहिजे तो घरी नेतो. आजवर एकाही डिझायनरनं मांजरपाट परत मागितला नव्हता. तो आम्हाला कपडा वाटतच नाही. कागदात ‘शिवलेले नमुने’ असं लिहिलेलं होतं, तरी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात मांजरपाट आला नाही. फडक्याला कोण नमुना म्हणतं?

मावशी उभी राहिली. तिच्या मांडीवरची बटणं घरंगळत गेली.

“ती माझी सासू,” ती म्हणाली. “फडक्यांच्या ढिगातून मीच नेला. चोरून नाही नेला. सगळ्यांसमोर नेला.”

“मी पाहिलं होतं,” मी म्हणालो. खरंच पाहिलं होतं. वर ‘मावशी, माझ्यासाठीपण एक ठेव, इस्त्रीचं टेबल पुसायला,’ असं म्हणालो होतो.

चष्मेवालीनं पर्समधून कराराचा कागद काढला. टेबलावर आपटला. “यांचं नाव द्या मला लिहून. मला तक्रार करावी लागेल.”

“नाव कशाला?” वहिनी म्हणाल्या. “सही माझी आहे. दंड माझ्यावर. माझ्या माणसांची नावं त्या कागदावर नाहीत आणि मी ती घालणार नाही.”

“वहिनी, तुम्ही गप्प बसा,” मावशी म्हणाली. “ताई, चला माझ्या घरी. आत्ता चला. सदरा काढून देते. पुढं काय करायचं ते करा.”

“इस्त्री, तूपण जा,” वहिनी हळूच म्हणाल्या. “नाहीतर दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतील.”

मावशीचं घर दोन खोल्यांचं, जिना चढून शेवटी. म्हातारी खिडकीत बसली होती, अंगात तोच मांजरपाट. छातीवर मास्टरांच्या पेनाची खूण तशीच. वारं गेल्यापासून म्हातारीला एकच शब्द उरला होता. ‘मेल्या.’ डॉक्टर आला, मेल्या. भूक लागली, मेल्या. खूश झाली तरी मेल्याच, फक्त सूर वेगळा.

“आत्या, तो सदरा काढा. या ताईंचा आहे,” मावशी म्हणाली.

म्हातारीनं चांगल्या हातानं गळा घट्ट धरला. “मेल्या!”

“अहो, चुकून आणला मी. द्या.”

“मेल्या! मेल्या!” सूर चढत गेला. मावशी पुढं झाली, म्हातारीनं तिच्या मनगटावर चापट मारली. मला हसूही येईना, रडूही येईना.

मग म्हातारीनं चष्मेवालीकडं नीट पाहिलं. तिला काय वाटलं कोण जाणे, बहुतेक वाटलं असेल, ही बघायला आलीय. तिनं एका हातानं गळ्यापासून पट्टी ओढली. चर्र. बाही उघडली, सदरा मांडीवर आला. आत परकर-पोलकं. मग तिनं तो परत पसरला, ताठ हात उचलून वर ठेवला, बाही मिटली, खांद्याशी दाबली. कुणाची मदत नाही. सगळं झाल्यावर मान वर करून आमच्याकडं बघितलं, शाळेत पहिली आलेली पोरगी बघते तसं.

“मेल्या,” ती समाधानानं म्हणाली.

चष्मेवाली मटकन खाली बसली.

“मी तिथं व्यायामाच्या खोलीत कशाला गेले होते, विचारलं नाहीत तुम्ही,” ती म्हणाली.

“कशाला?”

“आईला घेऊन. तिचाही डावा हात गेलाय. यांच्याकडं बोट दाखवून आई मला म्हणाली, तसा कुठं मिळतो विचार गं जरा.”

मावशीचे डोळे बारीक झाले. “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“आईला माहीत नाही, तुम्ही काढलाय ते?”

“ती रोज त्या खोलीत जाते. तिला दिला असता तर सगळ्यांनी पाहिला असता. म्हटलं, दुकानाशी बोलणं होऊ दे. मग देईन.”

मावशी माझ्याकडं बघायला लागली, मी खिडकीबाहेर. मग तिनं आत जाऊन पाणी आणलं. “घ्या,” म्हणाली. “पिऊन घ्या आधी.”

चष्मेवाली सदरा न घेताच उतरली.

तक्रार झाली नाही. दुकानाकडं मात्र ती गेली. नमुने दाखवायच्या आधी तिनं आपला गुप्ततेचा कागद पुढं केला. समोरचा साहेब हसला म्हणे. आम्ही कुणाच्या कागदावर सही करत नाही, म्हणाला, आणि ड्रॉवरमधून स्वतःचा काढला. त्यात लिहिलं होतं, दाखवलेली कल्पना त्यांच्याकडंही आधीपासून असू शकते, आणि याबद्दल तिनं बाहेर बोलायचं नाही. बघा! आमच्यासारख्या खोलीत येऊन ती दंडाचा आकडा लिहून घेऊ शकत होती. तिथं तिच्या कागदाला पुडी बांधण्याचीही किंमत नव्हती. कुलूप गरिबाच्या दाराला लावायचं असतं, हवेलीचं दार आधीच आतून बंद असतं.

तिनं नमुन्यांचं गाठोडं उघडलंच नाही. तशीच उठून आली.

आता पुढं काय, ते मला ठाऊक नाही. हॉस्पिटलजवळच्या शिंप्यानं फोटोवरून एक शिवलाय, बाही उलटीकडं उघडते. आणखी शिवतील. गुपित फुटलंय, ते परत भरता येत नाही. पण सदरा कुणी काढला हे व्यायामाच्या खोलीतल्या बायकांना कळलंय, त्या आता चष्मेवालीलाच विचारतात, आणि वहिनींनी थोडे सदरे उधारीच्या कापडातून काढायला घेतलेत. गळ्यामागं तिच्या नावाची पट्टी मावशी हातानं शिवते, उसवायला वेळ लागेल अशी.

परवा चष्मेवाली आईला घेऊन आली. मास्टरांनी स्वतःची खुर्ची दिली. आईनं सदरा मांडीवर पसरला, हात ठेवला, बाही मिटली. पहिल्या खेपेला खांदा वाकडा बसला. कुणी पुढं झालं नाही. दुसऱ्या खेपेला जमलं. तिनं त्या बाहीवरून हात फिरवला, मानेमागची नावाची पट्टी चाचपली, आणि लेकीला म्हणाली,

“बरोबर बसलाय गं. इतके दिवस कुणाच्या भीतीनं लपवलास माझ्यापासून?”

मला वाटलं, चष्मेवाली गप्प बसेल. तिनं चष्मा काढला आणि नाव सांगितलं. जुन्या कंपनीचं, भर वर्कशॉपात, दार उघडं असताना, चहावाला कप गोळा करत असताना. दोनदा सांगितलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. मी घाबरत नाही, माझ्याकडून नेणार काय, इस्त्री? पण मी लिहिलं तर नोटीस तिच्या दारात जाईल, आणि तिच्या मागून वहिनींच्या. तोंडावरचा टाका तिनं उसवला, तो पुन्हा तिलाच टोचू नये.

नाव मोठं आहे, एवढं सांगतो. हे वाचताना कॉलरमागं हात घालून बघा. तुमच्याच मानेला लागत असेल.