गुण्यात बसलेला अल्तार

नाव गुण्या, मुक्काम पापडी. शिसवी दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेलं लोखंडी पातं, एवढाच माझा देह. फळी काटकोनात कापलीय की तिरकी, हे सुतार मला लावून बघतो. पात्याखालून उजेड दिसला की काम चुकलं. मग समोर कोणीही असो, मी भीड ठेवत नाही. स्वभावच तसा, काय करणार!

माझा दांडा लुईस सुतारांनी स्वतः घडवला. त्यांच्यामागे मुलगा हिलरीने मला हाती धरलं. वसईतल्या कितीतरी घरांची दारं-कपाटं आम्ही दोघांनी केली. काम झालं की हिलरी अंगठ्याने माझं पातं पुसायचा. मला ते फार आवडायचं.

मग हिलरीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. "पप्पा, आता बस करा," असं मुलगा मर्विन म्हणाला आणि माझी पेटी माळ्यावर गेली. तिथे सोबतीला पाली! जीव नुसता कंटाळला.

यंदा भिंतीवर टांगलेल्या जुन्या अल्ताराला वाळवी लागली. अल्तार म्हणजे आमच्या घरातलं देवाचं कपाट, त्यापुढे रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना होते.

"तयार मिळतो, मी आणतो," मर्विन म्हणाला.

"सुताराच्या घरात दुकानातला अल्तार?" हिलरी उखडलाच. ईस्टरनंतर फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार होते. त्याआधी हिलरी स्वतःच अल्तार करणार होता, चांगला जमिनीवर उभा राहणारा. पेटी खाली आली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

सागाची फळी न फळी त्याने मला लावून तपासली. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अल्तार भिंतीशी उभा केला. आणि अरे देवा! खाली भिंतीला चिकटलेला, वर बोटभर फट.

हिलरी मटकन स्टुलावर बसला. "गुण्या बिघडला. नाहीतर माझे डोळे कामातून गेले."

मी खोटा ठरलो तर भंगारात जाणार. खरा ठरलो तर हा बिचारा पुन्हा रंध्याला हात लावणार नाही. मला दोन्ही नको होतं.

"अरे, आधी गुण्याला उलटा करून बघ की, तुझे पप्पा बघायचे तसा," त्याची बायको उर्सुला म्हणाली. मिस्सात आशीर्वाद देऊन वाटलेली झावळी अजून तिच्या हातातच होती.

हिलरीने फळीच्या कडेला मला टेकवून रेघ मारली. मग मला पालथा करून तिथेच दुसरी. गुण्या बिघडला असेल तर रेघा फाकतात. आमची रेघेवर रेघ बसली! त्याने मला अल्ताराच्या कोपऱ्यांना लावलं. कुठेही उजेड नाही. शेवटी जमिनीवर टेकवून भिंतीला लावलं, तर पात्यामागे उजेडच उजेड. भिंतच मागे कललेली!

"तुझ्या आजोबांनी ताडी पिऊन बांधली वाटतं!" उर्सुला खो-खो हसत सुटली. हिलरीही हसला, पण डोळे पुसत.

"अल्ताराची पाठ तिरकी तासतो, मग बसेल."

"खबरदार! चांगलं काम कशाला बिघडवतोस?" तिने झावळी त्या फटीत खोचली. "दर वर्षी येशूच्या खुर्सामागे लावते आणि घसरून पडते. आता बघ, वर्षभर हलायची नाही."

मर्विनने अल्ताराचं दार दोनदा उघडून मिटलं आणि म्हणाला, "पप्पा, किचनची दारंही तुम्हीच करा."

आता मी पेटीत नाही, खिडकीशी खिळ्यावर असतो. तुमच्याही घरी कोणाचा हात चुकला असं वाटलं, तर बाबांनो, आधी भिंत तपासा. मला आता वेळ नाही. किचनची पहिली फळी कापून झालीय, आणि हिलरीचा अंगठा माझ्या पात्यावरून फिरतोय.