न उचललेला भंडारा

मल्हारी मपला पाठचा भाऊ. माय मेली तवा तो माज्या कडंवर होता. शेळीचं दूध पाजून म्या त्याला वाढिवला. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे पुढं कुनी म्हनायला नको की बानूबाईला भावाची मायाच नव्हती. माया होती म्हनून तर फसले.

आमी हटकर, मेंढरं राखनारी मानसं, पिंगळी ठेसनाच्या पल्याडची. लग्नात बापानं मला मेंढ्या आंदन दिल्या. पटकीची साथ आली, त्यात नवरा गेला, आन् पदरात एकलीच लेक, मनकर्णा. मल्हारी म्हनला, "आक्का, तू बाईमानूस मेंढरामागं कुटं फिरतीस? सोड मपल्या कळपात. लोकर तुपली, कोकरं बी तुपली."

सोडली की. मेंढराच्या कानाला ज्याची त्याची खूण असती. आमच्या बापाची खूण म्हंजे डाव्या कानाला खालून चीर. कळपात घालताना चार जनी म्हनल्या, बानू, तुज्या मेंढरांच्या उजव्या कानाला बी एक चीर दे, उद्या वळखायला बरं. म्या म्हनलं, एका बापाची लेकरं आमी, दोन खुना कशाला? भावाला काय वाटंल? आता बगा, भावाला काय बी वाटलं न्हाई!

नवरा मेला तवा पटकीच्या भेवानं भावकीतलं एक मानूस दाराशी आलं न्हाई. मल्हारी बी न्हाई. आला तो लिंबाजी मास्तर. मिशनचा मानूस, गावाबाहीर कुडाच्या शाळंत लेकरं शिकवायचा. त्यानं आन् त्याच्या बायकोनं पानी उकळून माज्या पोरीच्या तोंडात घातलं. मढ्याला खांदा बी दिला. म्या इचारलं, मास्तर, तुमचा कोनता देव हो, जो पटकीला भेत न्हाई? तितून सुरू झालं. मी शाळंत जाऊन बसू लागले, ऐकू लागले, आन् एक दिस बाप्तिस्मा घेतला. गाव म्हनलं, बानी बाटली. मल्हारी काईच बोलला न्हाई. कातरणीला लोकर देत ऱ्हायला, म्हनून मला वाटलं, भाऊ लय मोठ्या मनाचा हाय.

मास्तर सांगायचा, "बानूबाई, खऱ्याला शपथ लागत नाही. होय ते होय, नाही ते नाही. देवाच्या नावानं सौदा करायचा नाही, मग देव कुठलाही असो." हे मला लय आवडलं होतं. आमच्याकडं उठता बसता शपथा.

मनकर्णा हाताशी आली, तशी मी मेंढरं मागायला गेले. म्हनलं, मायलेकी आता आमचं आमी राखतो. मल्हारी चिलीम वडीत बसला होता. धूर सोडीत म्हनला, "कुन्या मेंढ्या?"

मी हासले. खरंच हासले! म्हनलं, मस्करी करायलाय.

"बापाचा देव सोडलास आक्का. आता बापाची मेंढरं कशी मागतीस?"

"मग इतकी सालं लोकर कशाला दिलीस रे?"

"दया आली म्हनून."

दया! ज्याचा शेंबूड मी पदरानं पुसला, त्यानं माज्यावर दया केली म्हने. माज्या तोंडून काय काय निगालं ते इतं सांगत न्हाई. किरिस्ताव बाईनं तसं बोलू ने.

पंचाकडं गेले. किशनराव म्होरक्या, न्याय खंडोबाच्या देवळाम्होरं बसायचा. माज्याकडं एकच गवाही होता, लिंबाजी मास्तर. गेल्या कातरणीला तो मेंढवाड्यावर आलता, तवा मल्हारीनंच हात करून त्याला दाखिवलं होतं, ही आक्काची मेंढरं, ही मपली. मास्तर म्हनला, "काळजी करू नका बानूबाई. डोळ्यांनी बघितलंय, सांगीन." त्या भरवशावर मी ताठ मानेनं गेले.

किशनरावानं इचारलं, "मास्तर, तुमी होता म्हने कातरणीला?"

मास्तरानं किशनरावाकडं बगितलं. शाळा किशनरावाच्या जाग्यात होती, हे समद्या गावाला ठावं होतं. मल्हारी किशनरावाच्या रानात मेंढरं बसवायचा, खत फुकट, हे बी ठावं होतं.

"होतो," मास्तर म्हनला. "पण कोणती कोणाची, ते मला आता नीट आठवत नाही."

मी त्याच्या तोंडाकडं बगत ऱ्हायले, त्यानं काई मान वर केली न्हाई.

आन् मग मल्हारी उठला. "माजं एकच म्हननं हाय. आक्कानं बेलभंडारा उचलावा. उचलला तर मेंढरं तिची, आत्ता सोडतो."

बेलाचं पान आन् देवाची हळद हातात घिऊन जे बोलावं ते खरं. खोटं बोलनाऱ्याचा वंस बुडतो म्हनत्यात. मल्हारीला ठावं होतं, मी त्याला हात लावनार न्हाई. माज्या खरेपनावरच त्यानं डाव टाकला. वैऱ्याला हे सुचलं नसतं, त्याला घरचंच मानूस लागतं.

मास्तर माज्या कानाशी वाकला. "उचला की. हळदच ती. देव मन बघतो."

"मास्तर," मी समद्यांला ऐकू जाईल आसं म्हनलं, "आठवत तुमाला न्हाई, आन् भंडारा म्या उचलू?"

तो मागं सरला.

मी किशनरावाला म्हनलं, "मेंढ्या माज्या हायत. बापानं दिल्या. जे खरं ते शपथंबिगर सांगितलं, पटत नसलं तर ऱ्हाऊ द्या."

"मल्हारी, मग तू उचलतूस?" किशनराव म्हनला.

हे काई मल्हारीनं धरलं नव्हतं. तो बावरला. पन चारचौघांत मागं कसा सरनार? त्यानं भंडारा उचलला आन् म्हनला, मेंढरं माजीच हायत. ल्हानपनी त्याच हातानं माजं बोट धरून चालायचा मेला. मला मेंढरापरीस त्या हाताचं वाईट वाटलं.

मग काय! मायलेकी रेल्वेच्या रुळावर खडी टाकायला जाऊ लागलो. हाताला फोड आले. रातच्याला देवाशी भांडायची मी, खरं बोलल्याची ही मजुरी देतूस का म्हनून. भांडून भांडून झोप लागायची, आन् सकाळी उठायला बळ यायचं. कुटून यायचं ते त्यालाच ठावं.

हिवाळ्यात एक दिस मल्हारी आख्खा कळप घिऊन माज्या दारात उभा. तोंड सुकलेलं. मेंढ्या गाभडायल्या होत्या, एकामागं एक, कोकरं पोटातच मरायली.

"आक्का, खंडोबा कोपला." त्यानं भंडाऱ्याची पिशवी काडली. "तुज्या हातानं मला हळद लाव आन् 'सोडलं' म्हन. तुपली समदी मेंढरं घे, मपल्यातली बी घे."

मनकर्णा माज्याकडं बगायली. तिच्या हातावरचे फोड मला दिसायले. चिमूटभर हळद! मन लय खाली-वर झालं, खोटं कशाला बोलू.

म्या तांब्या आनला. त्याचा तो हात धुतला, आन् त्याच हातावर भाकर ठिवली. "खा. तुला माफ केलं. माज्याकून तुला शाप न्हाई, कदीच नव्हता. पन मेंढरं माजी हायत मल्हारी. माफी येगळी आन् हक येगळा. जितं खोटं बोललास तितं जाऊन खरं बोल, हेच्याबिगर दुसरा इलाज न्हाई."

"हळद लाव की गं."

"न्हाई. लावली तर म्याच शाप दिलता, आन् मीच काडला, आसं हुईल."

"तुजा देव लय कठीन हाय आक्का."

"देव न्हाई रे बाबा. मीच कठीन हाय."

भाकर खाताना रडला. खाऊन उठला आन् मेंढरं हाकीत गेला. पंचाकडं अजून गेला न्हाई. जाईल. हात धुताना त्याची बोटं माज्या बोटाला धरून होती, म्हनून म्हनते.

ऐतवारी शाळंत प्रार्थनेला बसलो. मल्हारी दारात आलता तवा मास्तरानं हे समदं माज्या घराच्या कुडाआडून बगितलं होतं. म्हनला, "बानूबाई, आज प्रार्थना तुम्ही करा. माझ्या तोंडून निघत नाही."

मी उभी ऱ्हायले. म्हनलं, देवा, ज्यांनी दगा दिला त्यांला म्या माफ केलं, तसं आमाला बी कर. मल्हारीचं नाव घेतलं, ते सहज आलं.

मग दुसरं नाव. तो समोरच बसला होता, पोथी मांडीवर, मान खाली. लेकरं डोळे किलकिले करून बगू लागली की बाई थांबली का. माजी जीभ हालंना. ज्यानं मला हे बोलायला शिकिवलं, त्याचंच नाव घ्यायचं होतं.

"लिंबाजीला बी," मी म्हनलं, आन् खाली बसले.